मीठ कुठे थांबवायचं

४ फेब्रुवारी

कंपनीने मला घरी बसवल्याला बरेच महिने झाले. बायको पोस्टात कामाला जाते, तिने आज ही वही आणून हातात ठेवली आणि म्हणाली, "अहो, संध्याकाळी मी दमून आले की जे सगळं मला सांगता ना, ते आता हिला सांगा." आयुष्यभर दारोदार साबण विकला, तोंडावरच पोट चाललं. तोंड बंद ठेवायची सवय मला नाही. तेव्हा वहीबाई, कान देऊन ऐका. आजपासून मी कारखानदार झालो.

कारखाना म्हणजे आमची मागची खोली. मोडक्या खुर्च्या काढल्या, फरशी घासली, नळाला नवी तोटी बसवली. दोन निळी पिंपं, एक वजनकाटा, ढवळायला लांब दांड्याचा लाकडी उलथना आणि स्लेसचा ड्रम. स्लेस म्हणजे घट्ट, पांढुरकं मलम, सगळ्या फेसाची आई. शाम्पूत हेच, भांड्यांच्या साबणात हेच, आग विझवणारे जो फेस मारतात त्यातही याचीच भावंडं. ड्रमच्या लेबलावर लाल चौकटीत एका हाताचं चित्र आहे आणि त्यावर वरून थेंब पडतायत. मी बायकोला म्हटलं, बघ, हात धुवायचं आहे हे चित्रातसुद्धा सांगितलंय. ती हसली नाही. पण मी आज वेळेवर अंघोळ केली याचं तिला बरं वाटलेलं दिसलं.

७ फेब्रुवारी

पहिलं पिंप वाया.

हात धुवायचा पातळ साबण जाड कसा करतात, तर मिठाने. आपलं साधं मीठ. चिमूट चिमूट घालत ढवळायचं, तसा तो मधासारखा जाड होत जातो. पण एका जागी थांबावं लागतं. त्याच्या पुढे चिमूटभर जरी गेलं, तर सगळं एकदम पाण्यासारखं पातळ होतं, आणि मग तुम्ही डोक्यावर उभे राहा, ते परत जाड होत नाही. हे मला तोंडपाठ होतं. दुकानदारांना सांगत आलो. स्वतः करायला गेलो आणि थांबायचं तिथे थांबलो नाही.

बायकोने दारातून डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "तुम्हाला मुळात थांबता कुठे येतं?" आता पिंपभर पाण्याने अंगण धुतोय. अंगण मात्र लखलखीत झालंय.

९ फेब्रुवारी

युरेका वगैरे काय ते. बारकी धावून आली.

बारकी म्हणजे माझी धाकटी बहीण. पुढच्या खोलीत राहते, तिथेच तिचं काम. ती रफूगार. कोटाला, शालीला, कसर लागलेल्या गालिच्याला पडलेलं भोक ती त्याच कापडाचे धागे काढून असं विणून टाकते, की भोक होतं कुठे हे मालकाला दाखवता येत नाही. तिचं काम उत्तम झालं की लोकांना वाटतं हिने काही केलेलंच नाही, आणि मग घासाघीस करतात.

मी दुसऱ्या पिंपापुढे चिमटीत मीठ धरून उभा होतो. ही आली, बोट बुडवलं, अंगठ्याशी चोळलं, डोळे मिटले. "अजून घाल." घातलं. "अजून थोडं." घातलं. "बस दादा. आता एक कणही नको."

पिंप असं जमून आलं म्हणता! बाटलीतून पडतानाची त्याची धार बघत बसावं. मी विचारलं, तुला कसं कळलं गं? म्हणाली, "धाग्याला पीळ किती आहे ते कळतं ना, तसंच. ताण लागायला लागला की कळतं." लाखाचं यंत्र घरात बसलंय आणि मी बाहेर यंत्रं शोधतोय.

२० फेब्रुवारी

साबण चालला. गल्लीतल्या तीन गॅरेजवाल्यांना दिला होता, तिघांनीही पुन्हा मागवला. काळ्या ग्रीसने माखलेले हात त्यांच्यापुढे मी स्वतः धुऊन दाखवतो, जुनं भाषण अजून पाठ आहे: साबणाचा कण म्हणजे मध्यस्थ, एका हाताने तेल धरतो, दुसऱ्या हाताने पाणी, आणि दोघांना घेऊन मोरीत उतरतो. गॅरेजवाला म्हणाला, "तुम्ही बोलायचे पैसे वेगळे घेता का?"

आज बारकीकडेही बातमी आहे. कापडांच्या संग्रहालयातल्या बाई तिचं काम बघून गेल्या होत्या, त्यांनी नमुना पाठवलाय. जुन्या रेशमी उपरण्याचा तळहाताएवढा तुकडा, मधे कसरीने खाल्लेलं भोक. मेच्या पहिल्या आठवड्यात रफू करून द्यायचं. जमलं तर तिथे कायमची नोकरी, राहायला खोली, आणि आयुष्यभर शहाण्या माणसांची कापडं. हे तिचं लहानपणापासूनचं. आईच्या फाटक्या पदरावर पहिला टाका घातला तेव्हापासूनचं.

तुकडा दाखवताना तिचा चेहरा पाहण्यासारखा होता. मी म्हटलं, "तू गेलीस तर माझं मीठ कोण बघणार?" ती म्हणाली, "तोवर तू शीक की." चेष्टेत बोललो होतो. तरी दिवसभर ते डोक्यात राहिलं.

३ मार्च

बारकी म्हणाली, "दादा, बोटं जरा कोरडी पडलीत." लगेच बाजारात गेलो आणि रबरी हातमोजे आणले. आपल्या कारखान्यात कामगारांची काळजी घेतात.

मोजे घालून तिने बोट बुडवलं आणि नुसतीच उभी राहिली. "काही कळत नाही. भिंतीपलीकडून हात लावल्यासारखं वाटतंय." तिने अंदाजाने बस म्हटलं आणि पिंप पातळच राहिलं. मग मी म्हटलं, हे बघ, हात नको, नखापुरतं बोट बुडव, नि लगेच धुऊन टाक. तेवढ्याने काय होतंय? हात धुवायचाच तर साबण आहे. तिलाही पटलं. मोजे आता मी घालतो, मला ते बरोबर बसतात.

१२ मार्च

खानावळवाल्या बाईंनी बाटली परत आणली. नाकाला पदर. "याला वास मारतोय हो." वास मारत होता खरा, डबक्यासारखा. साबण नासतो हे लोकांना खरं वाटत नाही, पण पाणी आलं की जंतू आले. म्हणून त्यात टिकण्याचं औषध घालतात, प्रिझर्व्हेटिव्ह. ड्रम दिला त्या दुकानदाराने पिंपाला अर्धं झाकण सांगितलं होतं. अर्ध्याने भागत नसेल तर दोन घालू. आपण काटकसर करणाऱ्यातले नाही.

हे औषध मी मिठाच्या आधीच घालतो, कारण एकदा साबण जाड झाला की ढवळताना खांदे निखळतात.

१९ मार्च

वास गेला. खानावळवाल्या बाई खूश. त्यांच्या ओळखीने मोठ्या उपाहारगृहाचं काम येईल म्हणाल्या.

बारकी हल्ली चमच्याने जेवते. म्हटलं, "संग्रहालयाच्या आधीच साहेबीण झालीस?" ती म्हणाली, "सवय करून घेतेय." बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सांडलंय काही.

२५ मार्च

बारकीचं काही खरं नाही. शिंप्याने पाठवलेला कोट तिने तसाच परत पाठवला, वेळ नाही म्हणून. वेळ नाही? दिवसभर दार लावून बसते. बोलावलं की येते, बोट बुडवते, "बस" म्हणते, हात शालीखाली घेते आणि जाते. पूर्वी पाच मिनिटं थांबून माझी टर उडवायची. आज तिने सुईत दोरा ओवून द्यायला बायकोला हाक मारलेली ऐकली. तिने! जी अंधारात दोरा ओवायची.

मला वाटतं डोळे. या वयात लागतो चष्मा. मला लागला तेव्हा मीही महिनाभर पेपर हातभर लांब धरून सगळ्यांना फसवलं होतं.

२ एप्रिल

बारकीला ओढून चष्म्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत, सुईचं नाक पलीकडच्या रस्त्यावरून दिसेल. मी म्हटलं, नीट बघा, ही दोरा ओवू शकत नाही. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "उजेड कमी पडतो." मग मी येताना तिला चांगला टेबलदिवा घेऊन दिला, मान वळवता येणारा. घरी पोचल्यावर दिवा दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी राहिली आणि एकदम रडायला लागली. मलाही गहिवरून आलं. एवढ्याशा दिव्याने माणसाला इतकं बरं वाटावं!

९ एप्रिल

मोठ्या उपाहारगृहाचं काम मिळालं. पिंपामागून पिंप.

आज भांडण झालं. हाक मारली तर बारकी म्हणाली, "आज नको दादा. आज तू अंदाजाने कर." आजच? ज्या दिवशी सगळं पणाला लागलंय त्याच दिवशी? मी जरा जास्तच बोललो. म्हटलं, तुला संग्रहालयाचे डोहाळे लागलेत, भावाचं बस्तान बसतंय ते तुला बघवत नाही. ती आली, बोट बुडवलं. बुडवताना तोंडाने स्स केलं. "बस," म्हणाली.

नंतर मगात तपासायला घेतलेल्या साबणात एक लाल धागा तरंगताना दिसला. मी म्हटलं, बघ, तुझ्या शिवणातलं रेशीम पडलंय, उपाहारगृहाने पाहिलं तर? तिने मगात पाहिलं. म्हणाली, "हो, धागाच असेल." मग गाळून घेतलं.

१० एप्रिल

काल एक विचार मनात आला तो लिहून ठेवतो. तिचा नमुना वेळेत झाला नाही तर ती इथेच राहील, आणि ते काही वाईट नाही. खोडणार होतो. पण मनात आलं ते आलं.

१८ एप्रिल

आज मी पाहिलं.

उपाहारगृहाची नोंदवही तिच्या टेबलावर राहिली असेल म्हणून दार न वाजवता आत गेलो. दिवा लावलेला होता. ती रेशमी तुकडा चौकटीत ताणून बसली होती, माझ्याकडे पाठ. सुई आत जात होती, पण धागा ओढला की तो बोटालाच अडकत होता. बोटावरच्या कातडीच्या चिरांत. ती तो हळूच सोडवायची, परत ओढायची, परत अडकायचा. अंगठा आणि पहिली दोन बोटं लाल, सुजलेली, सोललेली, नखाकडेला फुटलेली. टोकं शिंपीकामाच्या टोपणासारखी कडक झालेली. टेबलावर रक्ताचे ठिपके पुसलेला बोळा. आणि ती स्वतःशी पुटपुटत होती, "जा ना रे. जा ना."

बाहेर येऊन पायरीवर बसलो. मगातला तो लाल धागा आठवला, तो रेशमाचा नव्हता.

संध्याकाळी बायकोला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, "होतं. मलम मीच आणून देत होते." मग मला का नाही सांगितलंस? तिने पिशवी खाली ठेवली. "अहो, नोकरी गेल्यापासून तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडून असायचात. दाढी नाही, जेवण नाही. मग तो ड्रम आला आणि तुम्ही उठलात. तिने मला शपथ घातली. वहिनी, दादा आत्ता कुठे उठून उभा राहिलाय, त्याला काही सांगू नका. मला वाटलं, बोटं बरी होतील, माणूस परत मिळणार नाही." मग तीही रडली. "माझंही चुकलंच की."

मी या वहीत लिहीत होतो. मागची पानं आज वाचली. सगळं मीच लिहून ठेवलंय. चमचा, दोरा, शाल. लिहीत होतो आणि दिसत नव्हतं.

२० एप्रिल

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी बारकीचे हात उजेडात धरले. कुठलं काम करता? मी सांगितलं. सगळं, दोन झाकणांसकट.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, "कातडीला स्वतःचं तेल असतं. साबणाला त्यातलं मळाचं कुठलं आणि माणसाचं कुठलं हे कळत नाही, तो दोन्ही नेतो. तुमचा तर पिंपातला, नळाखाली पातळ न झालेला, कच्चा. आधी त्याने दार उघडलं, मग त्या टिकवायच्या औषधाने आत जाऊन बसकण मारली. आता यांच्या अंगाला ते औषध शत्रू म्हणून ओळखीचं झालं. ही ओळख आता जन्माची."

म्हणजे? म्हणजे जखमा भरतील. पण शाम्पू, भांड्यांचा साबण, भिंतीचा रंग, कापडाची खळ, जिथे ते औषध असेल तिथे हात परत पेटतील. सूक्ष्म काम? त्यांनी बोटाच्या टोकाला कापसाचा धागा लावला. "लागतो?" बारकी म्हणाली, "कुठे लावलाय?"

साबणाचा कण एका हाताने तेल धरतो. हे भाषण मी हजारदा केलं असेल. कुठलं तेल, हे मला कधी कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

येताना मी तिला म्हटलं, शिव्या दे गं मला. ती म्हणाली, "दादा, रोज सकाळी मागच्या खोलीतून तुझं गाणं ऐकू यायचं. बेसूर. ते बंद पडू नये असं वाटायचं." मी भर रस्त्यात तोंड फिरवून उभा राहिलो.

२७ एप्रिल

कारखाना बंद करणार म्हटलं तर बारकीने डोळे वटारले. "म्हणजे माझी बोटंही गेली आणि तुझा साबणही? हा कुठला हिशेब?" मग दुकानदाराकडे गेलो, जुना माणूस, त्याला विचारलं, बाकीचे लोक जाडपणा कशाने बघतात? त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. "नरसाळ्याने. खालून बोट लावून भरायचं, बोट काढायचं, रिकामं व्हायला किती वेळ लागला ते घड्याळात बघायचं. तुम्ही कशाने बघत होता?"

मी तसाच घरी आलो. रॉकेलचं जुनं पत्र्याचं नरसाळं माळ्यावर होतंच. घासून घेतलं, कोपरापर्यंत मोजे चढवले, औषध अर्धंच झाकण, तेही आता सगळ्यात शेवटी. बारकी लांब खुर्चीवर, हातात सुती मोजे. घड्याळ तिच्या मांडीवर. चांगल्या जुन्या बाटलीतला साबण आधी ओतून पाहिला, त्याचा वेळ धरला, मग पिंपातल्याचा. मीठ घातलं, ओतलं. परत घातलं, परत ओतलं. वेळ जुळला तसा मी थांबलो. साबण नेहमीसारखा जमून आला.

ती घड्याळाकडे बघत राहिली. म्हणाली, "एवढंच होतं होय." बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बसायला जागा मिळाली असती. नरसाळं पहिल्या दिवसापासून घरात होतं.

६ मे

नमुना परत द्यायची मुदत आली. बारकी म्हणाली, पोस्टाने पाठव, वहिनी नेतील. मी म्हटलं, नाही, मी जाणार. तिने तुकडा पातळ कागदात गुंडाळून दिला. अर्धवट झालाय असं सांग म्हणाली. मी वाटेत उघडून पाहिला नाही, धीर झाला नाही.

संग्रहालयातल्या बाईंनी तो उजेडाच्या काचेवर पसरला, भिंग लावलं. मग बोट ठेवलं. "इथे टाके ओढले गेलेत, धागे पिंजलेत. हे राहणार नाही." मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "पण भोक एवढं लहान नव्हतं. आम्ही पाठवलं तेव्हा याच्या दुप्पट होतं." त्यांनी पाठवतानाचा फोटो शोधून शेजारी ठेवला, परत भिंग लावलं, तुकडा उलटा केला, सुलटा केला. सहकाऱ्याला बोलावलं. दोघांनी मिळून शोधलं. आधीची कड कुठे होती ते त्यांना शेवटपर्यंत सापडलं नाही.

"हे दोन्ही एकाच हाताचं काम आहे?" बाईंनी विचारलं.

"हो. माझ्या बहिणीचं."

"मग मधे काय झालं?"

जन्मभर बोलून पोट भरलेला माणूस मी. घरून निघताना भाषण तयार करून नेलं होतं, विनवणीचं, जागा राखून ठेवा म्हणायचं. ते केलंच नाही. शेवटी म्हणालो, "मधे मी साबण काढला." त्यांना ते कळलं नसावं. तुकडा ठेवून घेतला त्यांनी. म्हणाल्या, अर्धा आम्हाला शिकवायला उपयोगी पडेल. जागेबद्दल त्या बोलल्या नाहीत, मीही काढलं नाही.

घरी आलो तर बारकी पायरीवर बसली होती, सुती मोज्यांतले हात मांडीवर. विचारलं, "काय म्हणाल्या?"

"तुझा पहिला अर्धा भाग त्यांना सापडलाच नाही. दोघांनी भिंग लावून शोधला."

तिचा चेहरा असा उजळला, फेब्रुवारीत तुकडा दाखवताना होता तसा. खुदकन हसली. "खरंच सापडला नाही?" खरंच नाही म्हटलं. तिने मला दोनदा तेच सांगायला लावलं, भिंग केवढं होतं, सहकारी काय म्हणाला, किती वेळ शोधलं. मी सगळं सांगितलं, थोडं वाढवूनही सांगितलं.

मग म्हणाली, "आणि दुसरा?"

मी चहा टाकायला आत गेलो.